लाइन जावी म्हणून

भाऊसाहेबांची अख्खी नोकरी लोकांची लाइन घालवण्यात गेली. लाइन म्हणजे वीज; आमच्या चंद्रपुराकडे विजेला लाइनच म्हणतात. वरोऱ्याजवळच्या एका सबस्टेशनवर ते ऑपरेटर होते. वरून हुकूम आला की फीडर बंद करायचा, वेळ झाली की चालू करायचा, आणि मधल्या वेळात फोनवर गावाच्या शिव्या खात बसायचं, एवढं त्यांचं काम. शिव्या देणाऱ्याला ते शांतपणे सांगत, "माझ्या हातात काही नाही जी, वरून आहे." आणि ते खरंही होतं. हुकमाशिवाय त्यांनी एकही खटका कधी खाली ओढला नाही, याचा त्यांना कोण अभिमान.

असा हा माणूस सिंगापूरला लेकाच्या घरी आला, जिथे लाइन जाते म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नाही, आणि काही दिवसांतच मनात एकच धोसरा धरून बसला: या घराची लाइन एकदा जावी. फार नको, एक दिवस जावी. तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. चळलाबिळला काही नव्हता. त्याला कारण होतं, आणि ते कारण फ्रीजरमध्ये होतं.

घर पुंगोलला, चांगलं उंचावर. मुलगा रत्नदीप सॉफ्टवेअरमध्ये. सून प्रियदर्शिनी वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. नात अवनी दीड वर्षांची, ती दिवसभर बिल्डिंगखालच्या चाइल्डकेअरमध्ये. सकाळी तिघं बाहेर पडली की घर भाऊसाहेबांचं. खिडकीतून एलआरटी दिसायची, ती बिनड्रायव्हरची छोटी गाडी. गोल फिरून परत तिथेच यायची, पुन्हा निघायची. बघून बघून भाऊसाहेबांना तिची कीव यायला लागली होती.

पहिल्याच आठवड्यात अवनी सोफ्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं आणि बर्फ काढायला म्हणून भाऊसाहेबांनी फ्रीजर उघडला. मटार, मासे, पराठ्यांची पाकिटं, आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी कोपऱ्यात, आइस्क्रीमचा एक जुना डबा. झाकण सैल म्हणून त्याला चिंधी बांधलेली. जांभळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. ती साडी भाऊसाहेबांनीच वणीच्या बाजारातून आणली होती. आणि ती गाठ तर त्यांनी अंधारातसुद्धा ओळखली असती. बेबीबाईंनी मारलेली गाठ घरात दुसऱ्या कुणाला सुटत नसे. बाकीच्यांनी सरळ कात्री घ्यायची. भाऊसाहेब बर्फ हातात घेऊन तसेच उभे राहिले. तिकडे पोरगी रडतच होती.

प्रियदर्शिनी अवनीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली. सासरे कुठे बघतायत ते तिला दिसलं.

"आईंचा डबा आहे तो, बाबा," ती म्हणाली. "परत जाताना सांबारवड्या करून ठेवल्या होत्या. बाकीचे डबे आम्ही तेव्हाच संपवले. हा शेवटचा. मी ठेवलाय."

"बरं," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी बर्फ पुढे केला.

बेबीबाई म्हणजे भाऊसाहेबांची बायको. प्रियदर्शिनीची आई ती शाळेत असतानाच गेलेली, तेव्हा अवनीच्या वेळचं बाळंतपण करायला सासूच आली. एकटी आली. भाऊसाहेब घर सांभाळायला म्हणून मागे राहिले. खरं सांगायचं तर विमानाला भिऊन राहिले आणि सहा महिने खिचडीवर काढले. निघायच्या आधी बेबीबाईंनी टेक्का मार्केटातून पिशव्या भरभरून सांबार आणला. सांबार म्हणजे ते इडलीबरोबरचं पातळ नव्हे, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो निवडला, धुतला, जुन्या साडीवर पसरून कोरडा केला, खोबरं, खसखस, चारोळी घालून सारण केलं, बेसनाच्या पारीत गुंडाळून वड्या अर्धवट तळल्या आणि फ्रीजर गच्च भरून ठेवला. बाळंतिणीच्या घरून फ्रीजर रिकामा ठेवून निघणारी आई अजून महाराष्ट्रात जन्मायची आहे.

वरोऱ्याला परत आल्या तेव्हा बेबीबाई थकलेल्या दिसत होत्या. प्रवासाचा शीण आहे, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं.

"आता मलेही करून दे सांबारवड्या," भाऊसाहेब म्हणाले होते.

"पावसाळ्यातला सांबार पाणचट असते," बेबीबाईंनी सांगितलं. "थंडी पडू द्या, मग करते पोटभर."

थंडी पडायच्या आत त्या गेल्या.

मग घरातलं त्यांच्या हातचं एकेक संपत गेलं. लोणचं संपलं, कुरडया संपल्या, मसाला संपला. मसाल्याचा रिकामा डबा भाऊसाहेब पुढे कित्येक दिवस नुसता उघडून हुंगायचे. शेजारची बाई सांबारवड्या घेऊन आली, तिच्या चांगल्याच असणार, पण भाऊसाहेबांनी एक खाऊन बाकीच्या तशाच झाकून ठेवल्या. बेबीबाईंची आठवण डोक्यात यायची तेव्हा ती सोसवायची. जिभेवर आली की मात्र त्यांना घरात बसवत नसे. उठून स्टेशनापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे.

आणि आता इथे, समुद्रापलीकडे, हात लांब केला की पोचेल एवढ्यावर तिच्या हातचा भरलेला डबा.

मग मागायला काय धाड भरली होती, असं कुणीही विचारेल. एक तर या माणसाने जन्मात कुणाला खायला मागितलेलं नव्हतं. ताट पुढे यायचं, ते जेवायचे. सुनेजवळ, लेकराबाळांच्या घरात, 'मला ते दे' म्हणायला जीभ उचलत नव्हती. पण खरं कारण ते नव्हे. बेबीबाई गेल्या तेव्हा अवनी न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती. रत्नदीप एकटाच वरोऱ्याला धावला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून परत आला. प्रियदर्शिनीने सासूला शेवटचं पाहिलं ते फोनच्या काचेत, हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून. तिला ना पाय शिवता आले ना फूल वाहता आलं. तिच्याजवळ राहिला तो हा डबा. 'मी ठेवलाय' असं ती म्हणाली ना, ते भाऊसाहेबांच्या बरोबर ध्यानात आलं होतं. तिच्या ठेव्यावर हात टाकायचा कसा?

चोरून खायचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं समजू नका. दिवसाकाठी दोन-चारदा ते फ्रीजर उघडत, मटार बाजूला सारत, डब्यावरची चिंधी बोटाने चाचपत आणि पुन्हा दार लावून टाकत. गाठ सोडली नाही. तिच्या हातचं, आणि ते चोरून? घशाखाली उतरलं नसतं.

अशात एका संध्याकाळी जेवताना रत्नदीपने फोनमध्ये काहीतरी वाचलं आणि तो म्हणाला, "आपली विजेची कंपनी बुडणार वाटतं."

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला.

झालं होतं असं, की त्या वर्षी जानेवारीपासून पुंगोलच्या लोकांना वीज कोणाकडून घ्यायची ते निवडायची मुभा मिळाली होती. डझनभर कंपन्या उगवल्या. रत्नदीपने सगळ्यांची तुलना करून, दोन रविवार घालवून, एक स्वस्तातली निवडली होती. तिने वर एक पिवळी छत्रीही फुकट दिली. त्यामुळे भाऊसाहेब तिला 'छत्रीवाली' म्हणत. तर आता छत्रीवालीचे दिवस भरत आले होते.

"मग लाइन जाईल," भाऊसाहेब म्हणाले. आवाज जमेल तितका काळजीचा काढला.

"नाही जाणार, बाबा. वायर तीच, मीटर तोच. या कंपन्या फक्त घाऊक वीज घेतात, आपल्याला विकतात आणि बिल पाठवतात. कंपनी बुडाली तर आपलं खातं आपोआप पूर्वीच्या ग्रिडवाल्यांकडे परत जातं. दिवा मिणमिणत पण नाही."

"अन् आपण काय करायचं?"

"काहीच नाही. मीटरचा फोटो काढून ठेवायचा. घाबरून घाईघाईत दुसऱ्या कुणाशी करार करायचा नाही. आणि कुणी फोन करून 'लाइन कापतो' म्हणून धमकावलं, तर फोन ठेवून द्यायचा."

हे भाऊसाहेबांना कळलं नाही असं नाही. लेकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. बिल पाठवणारा मेला म्हणून तारेतली वीज थांबत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो आपलं शहाणपण खुंटीला टांगून ठेवतो.

"कंपनी बुडाली अन् लाइन नाही गेली, असं कुठं होते काय?"

"इथे होतं, बाबा."

"मी सारी जिंदगी लाइनमध्ये काढली, अन् तू मले सांगून राहिला?" मग भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी बेबीबाईंचा फोटो होता, त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "मी म्हणतो, फ्रीजर खाली करून ठेवावा. माल नासून जाईल."

प्रियदर्शिनीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग अवनीच्या तोंडात वरणभाताचा घास घालत म्हणाली, "बरं, बाबा. आधी मासे संपवू."

त्या आठवड्यात घराने फ्रीजर खाल्ला. मासे झाले, पराठे झाले, मटारांची उसळ झाली, पुलाव झाला, पुन्हा उसळ झाली. भाऊसाहेब जेवत आणि सकाळी घर रिकामं झालं की जाऊन बघत, किती उरलं. एकेक पाकीट कमी होत डबा पुढे येत चालला होता. शुक्रवारी तर फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे आणि डबा, दोघंच राहिले. शनिवारी भाऊसाहेबांनी अंघोळ लवकर केली, धुतलेला सदरा घातला. दुपारी प्रियदर्शिनी बाजारातून आली आणि तिने मटारांची दोन नवी पाकिटं आत ठेवून दिली.

"लाइन जात नाही म्हणाले ना रतन," ती म्हणाली.

भाऊसाहेब बाल्कनी नव्हती म्हणून खिडकीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ ती गोल फिरणारी गाडी बघत बसले.

मग त्यांनी छत्रीवालीवर भिस्त ठेवली. लेक घरी आला की पायातले बूट काढायच्या आत विचारायचे, "काय झालं कंपनीचं?" रत्नदीपला गहिवरून आलं. बाबांना इथल्या वीजबाजारात रस वाटतोय, त्यांचं मन रमतंय, असं त्याने बायकोला सांगितलं आणि वडिलांना फोनवर आलेख पाठवायला सुरुवात केली. भाऊसाहेब ते आलेख न उघडता 'छान' म्हणून उत्तर द्यायचे.

शेवटी एकदाची कंपनी बुडाली. "संपलं," रत्नदीपने सांगितलं. "उद्यापासून आपण परत जुन्यांकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाऊसाहेब पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. वर नजर. पंखा फिरत होता. फ्रीजची घरघर चालू होती. लिफ्टची घंटी वाजत होती. दुपार झाली, ऊन भिंतीवरून उतरलं, पंखा आपला फिरतोच आहे. एक झटका नाही, एक मिचकावणी नाही. इतका चोख कारभार भाऊसाहेबांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चोख कारभाराचा राग आला. पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. एकदा वरोऱ्याला गेले की तो डबा पुन्हा दिसायचा नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. पुढच्या वर्षापर्यंत तो राहील की नाही कोणी सांगावं. आणि खरं म्हणजे आपण तरी राहू की नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं बाहेर पडली. भाऊसाहेबांनी चहाचा कप विसळून ठेवला. मग अवनीचं प्लास्टिकचं स्टूल घेतलं आणि दारामागच्या पांढऱ्या पेटीखाली ठेवलं. पेटी उघडली. आत मेन स्विच आणि खटक्यांची रांग, सगळे वर.

आता, नुसत्या फ्रीजचा प्लग ओढून भागलं असतं. ते त्यांना कळत होतं. पण प्लग ओढला तर तो आपण ओढला. मेन खाली केला तर लाइन गेली. माणसाने प्लग ओढला की तो चोर ठरतो, आणि लाइन गेली तर त्याला कोण काय करणार? लाइन जातेच. भाऊसाहेबांनी सगळ्या खटक्यांवरून एकदा नजर फिरवली. वरून हुकूम नव्हता. खालूनही नव्हता. त्यांनी बेबीबाईंच्या फोटोकडे पाहिलं नाही आणि मेन खाली ओढला.

पंखा दोन-तीन फेऱ्या रेंगाळून थांबला. फ्रीज गप्प झाला. घरात एवढी शांतता झाली, की भाऊसाहेबांना वरोऱ्याला आल्यासारखं वाटलं.

पण फ्रीजर म्हणजे काय बर्फाचा गोळा नव्हे, चटकन विरघळायला. दार न उघडता तो कितीतरी वेळ थंडी धरून ठेवतो. भाऊसाहेब वाट बघत बसले. सिंगापुरातली हवा तुम्हाला माहीत असेल. पंखा थांबला की ती अंगावर येऊन बसते. सदरा भिजला, बनियन भिजला. वारा यावा म्हणून त्यांनी बाहेरच्या जाळीच्या आतलं दार उघडून ठेवलं आणि वर्तमानपत्राने वारा घालत बसले. मधून मधून मनाला समजावत होते, "माझ्या हातात काही नाही जी."

दुपारी शेजारची चिनी आंटी कॉरिडॉरमधल्या झाडांना पाणी घालायला आली. तिने जाळीतून आत पाहिलं.

"अंकल, सो हॉट! व्हाय नेव्हर ऑन फॅन?"

"करंट नो," भाऊसाहेब म्हणाले.

"माय हाउस हॅव व्हॉट." आमच्याकडे तर आहे की, असं म्हणत तिने वर कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं, ती पेटलेली होती. "यू कॉल युअर डॉटर-इन-लॉ लाह."

भाऊसाहेब हसले आणि मान हलवली. त्यांनी कुणाला फोन केला नाही. आंटीने केला.

प्रियदर्शिनी वन-नॉर्थहून निघाली ती दोन गाड्या बदलून धापा टाकत घरी पोचली. म्हाताऱ्या माणसाला काही झालं तर, या धास्तीने तिचा चेहरा उतरला होता. आत आली. सासरे खुर्चीत बसलेले, धडधाकट, घामाने निथळत. तिने दिव्याचं बटण दाबून पाहिलं. मग मागे वळली. पांढऱ्या पेटीचं दार उघडं होतं आणि पेटीखाली अवनीचं पिवळं स्टूल तसंच होतं.

ती त्या स्टुलाकडे बघत राहिली. भाऊसाहेब पायांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"लाइन गेली," ते म्हणाले.

प्रियदर्शिनीने खांद्यावरची बॅग काढून ठेवली. पाण्याचा ग्लास भरून त्यांना दिला. ते पिऊन होईपर्यंत ती समोर उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं. मटार परत आणून ठेवले त्या शनिवारीच कदाचित कळलं होतं, आणि तिला तरी तो डबा सोडवत होता कुठे.

"कधी गेली, बाबा?"

"सकाळीच. तुम्ही निघाले अन् गेली."

"मग फ्रीजर बघायला पाहिजे," ती म्हणाली.

तिने डबा काढला तेव्हा चिंधीतून पाणी टपकत होतं. ओट्यावर ठेवून ती गाठीशी झटू लागली. नखं लावली, दात लावून पाहिले. कात्री समोरच होती, तिने ती घेतली नाही. भाऊसाहेब उठून जवळ गेले. दोघांनी मिळून, एकाने एक टोक धरून, दुसऱ्याने दुसरं, ती गाठ सोडवली. प्रियदर्शिनीने चिंधी पिळून, घडी घालून खिडकीत वाळत टाकली.

"आता हे ठेवून चालायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "आजच तळावं लागेल."

"काय करणार. लाइनच गेली."

गॅस पाइपाचा, त्याला लाइनशी देणंघेणं नव्हतं. खिडकीच्या उजेडात तिने कढई ठेवली. मेनकडे तिने पाहिलंही नाही आणि भाऊसाहेबांनीही नाही. दह्याची कढी केली, लसणाची फोडणी दिली. मग वड्या तेलात सोडल्या. भाऊसाहेब ओट्याला टेकून उभे होते. बेबीबाई सांबारवड्या तळायच्या तेव्हा फाटकाबाहेर वास जायचा. सायकलवरून येताना त्यांना कोपऱ्यावरच कळायचं आज काय आहे. ते वासाची वाट बघत होते. लसणाचा आला, तेलाचा आला. वड्या लाल झाल्या, निथळल्या, ताटलीत आल्या. भाऊसाहेबांना वाटलं, उकाड्याने आपलं नाक चोंदलं असेल.

दोघं समोरासमोर बसली. एरवी सून आधी वाढायची आणि मागून जेवायची, आज भाऊसाहेबांनी तिला खूण करून बसवलं. प्रत्येकाने एकेक वडी उचलली.

भाऊसाहेबांनी घास घेतला. चावला. पुन्हा चावला. आतला सांबार काळपट पडला होता, वाळक्या गवतासारखा लागत होता. खोबरं होतं, पण ते कशाचंच लागत नव्हतं. बर्फाचा एक पाणचट, जुना वास तेवढा होता. जिभेने कोपरान् कोपरा शोधला त्यांनी. बेबीबाई त्यात नव्हत्या. सव्वा वर्ष त्या थंडीत राहून केव्हाच्या निघून गेल्या होत्या, आणि हे दोघं इथे रिकाम्या डब्यावर पहारा करत बसले होते. भाऊसाहेबांच्या छातीत असं काही दाटून आलं, की वरोऱ्याला बेबीबाईंना खांदा दिला तेव्हाही ते इतकं दाटलं नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं. प्रियदर्शिनीचा घास तोंडात तसाच होता. ती चावायची थांबली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"तशाच आहेत ना, बाबा?" तिने विचारलं.

"तशाच," भाऊसाहेब म्हणाले. "अगदी तशाच. दे आणखी एक."

तिने दिली. त्यांनी ती कढीत बुडवून खाल्ली. तिनेही खाल्ली. दोघं हळूहळू, एकमेकांच्या ताटाकडे लक्ष ठेवून, जेवत राहिली. मध्ये एकदा प्रियदर्शिनी म्हणाली, बाळंतपणात आई रोज सकाळी तिच्या डोक्याला तेल लावायच्या आणि तेल लावताना तुमच्या तक्रारी सांगायच्या. भाऊसाहेबांनी विचारलं, काय सांगायची. सगळंच सांगायच्या, ती म्हणाली. भाऊसाहेब हसले, मग पंच्याने तोंड पुसलं आणि डोळेही.

ताटलीत दोन वड्या उरल्या.

"या रतनसाठी ठेवू का?" प्रियदर्शिनीने विचारलं. "त्यांच्या आईच्या हातच्या आहेत. ते विचारतील."

भाऊसाहेबांनी त्या दोन वड्यांकडे पाहिलं. लेक संध्याकाळी येईल, हात धुऊन बसेल, पहिला घास घेईल. त्याचा चेहरा त्यांना दिसला.

"नको," ते म्हणाले. "त्याले सांगू, मस्त झाल्या होत्या."

प्रियदर्शिनीने मान हलवली, आणि उरलेल्या दोन वड्या दोघांनी एकेक खाऊन टाकल्या.